राजीखुशीचा कागद

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. लातूर

फूटपट्टीचा आवाज. टेबलाच्या कडेवर, टक्, टक्, टक्-टक्. सकाळी अंगणात ऊन घेत बसलो होतो आणि साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात शिरला. जळकोटजवळच्या आमच्या गावची एकशिक्षकी शाळा. चारही वर्ग एकाच खोलीत. गुरुजी फूटपट्टीने ताल धरायचे आणि आम्ही छाती फुगवून कविता म्हणायचो. अर्थ निम्माही कळत नसे, पण त्या तालात बसून कुठंतरी लांब जाऊन यायचो. मी चौथीत. धाकट्या बहिणीचं, जगदेवीचं, शाळेत अजून नाव घातलं नव्हतं. अव्वा, आमची आई, तिच्याजवळ माझी भाकरी देऊन पाठवायची, आणि ती उंबऱ्यावरच बसून राहायची. पुढची ओळ आमच्या आधी तिच्या तोंडातून यायची. गुरुजी फूटपट्टी थांबवून म्हणायचे, "गाढवांनो, दारातली पोरगी तुमच्या पुढं आहे."

आवाज खरा कुठला ते मागून कळलं. जगदेवी आत खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. आता ती अडुसष्टची, मी एकाहत्तरचा. माझी बायको गेल्यापासून घर तीच बघते. त्याआधीही तीच बघायची म्हणा.

पेपर मी मोठ्याने वाचतो, जुनी सवय. आज जाहीर नोटिसांच्या पानावर आलो. "मयत शिवप्पा, राहणार नांदेड, सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, यांचे वारस म्हणून अर्जदार क्रमांक एक पंचफुला, मयताची पत्नी, व क्रमांक दोन उमाशंकर, मयताचा मुलगा, यांनी वारस प्रमाणपत्रासाठी अर्ज केला असून कोणाची हरकत असल्यास सात फेब्रुवारी रोजी..."

इथपर्यंत वाचलं तेव्हा लक्षात आलं की शिवप्पा म्हणजे आमचाच शिवप्पा. जगदेवीचा नवरा. म्हणजे आधीचा.

खलबत्ता थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात.

चटणी आज फार बारीक झाली होती. मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "खा की मग गुमान."

५ जानेवारी, रविवार

माळ्यावरची ट्रंक काढली. उदगीरच्या तहसीलबाहेर लिंबाच्या झाडाखाली मी एकतीस वर्षं दस्तलेखक म्हणून बसलो. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, फारकत, सगळं लिहिलं. शेजारी टाइपरायटर घेऊन धम्मानंद बसायचा. तो म्हणायचा, "रेवणप्पा, तुझ्या खरेदीखताला चाल लावता येती बघ." चेष्टा करायचा, पण खरं होतं ते. "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, नशापाणी न करता लिहून देतो की" हे लिहिताना मला गुरुजींची फूटपट्टी ऐकू यायची. शाळेतल्या कविता सुटल्या, पण ताल हातात राहिला होता.

जगदेवीच्या फारकतीचा कच्चा मसुदा सापडला. ११ मे १९८८. कागद पिवळा पडलाय, शाई जशीच्या तशी.

"लिहून देणार जगदेवी, लिहून घेणार शिवप्पा. कारणे फारकतनामा लिहून देते की, आपले उभयतांचे पटत नसल्याने पंचासमक्ष, राजीखुशीने... यापुढे तुम्ही मला व मी तुम्हाला मोकळे. अन्नवस्त्राचा, घरादाराचा, स्थावर-जंगमाचा कसलाही हक्क माझा राहिला नाही. लग्नात दिलेली भांडीकुंडी व डागिने मला मिळाले, भरून पावले."

शेवटचा शब्द लिहून मी टाक खाली ठेवला होता, तो क्षण अजून आठवतो. आमच्या घराच्या ओसरीवर पाच पंच, आमचे वडील अप्पा आणि शिवप्पा. मी मोठ्याने वाचून दाखवला. एक पंच म्हणाले, "वा! काय लिहितोय पोरगा." अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. जगदेवी आतल्या दारात उभी होती. तिने फार सावकाश सही केली, एकेक अक्षर. बाकी बाया अंगठा द्यायच्या. मला तिचा अभिमान वाटला होता.

शिवप्पाने नांदेडात दुसरं घर मांडायचं ठरवलं होतं, लेकरू नाही हे कारण. सगळं शांततेत झालं. भांडणतंटा नाही, कोर्टकचेरी नाही. इतका देखणा कागद मी पुन्हा लिहिला नसेन.

८ जानेवारी, बुधवार

दुपारी नांदेडहून फोन. "मामा, मी उमाशंकर बोलून राहिलो. शिवप्पांचा मुलगा."

मामा म्हणाला. मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणालो, बोला.

पोरगं गोड बोलतं. वडील गेल्यावर आईच्या फॅमिली पेन्शनसाठी गेला तर रेल्वेच्या दप्तरात पत्नी म्हणून जगदेवीचं नाव निघालं! शिवप्पाने नोकरीच्या सुरुवातीला घातलं ते कधी बदललंच नाही. ऑफिसातले म्हणाले, कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा. "फारकतीचा कागद आहे मामा आमच्याकडं. खाली 'लेखक' म्हणून तुमची सही. वकील म्हणाले, लिहिणारा माणूस जिवंत असंल तर त्याच्याइतका साक्षीदार न्हाई. तुम्ही एवढंच सांगायचं की तुमच्या समाजात पंचासमोर फारकत द्यायची रीत हाय, आन् ती राजीखुशीनं झाली. येण्याजाण्याची गाडी मी करतो."

मग म्हणाला, "काय अक्षर हो मामा तुमचं! वकिलानं कागद चार जणांना दाखवला."

मी म्हणालो, येतो.

आता लिहिताना वाटतं, जरा विचार करून सांगतो म्हणायला हवं होतं. पण झालेली गोष्टच तर सांगायची आहे. त्यात काय खोटं?

९ जानेवारी, गुरुवार

जगदेवीला सांगितलं. संध्याकाळी आमटीला मीठ नव्हतं. मी तशीच ओरपली.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शेजारची शिवानी, नवी नवरी, तीळगूळ द्यायला आली. जगदेवीला पाहून म्हणाली, "आजी, उद्या आमच्याकडं हळदीकुंकू हाय, या ना." तिची सासू मागेच उभी. तिने सुनेला कोपराने हळूच ढोसलं. जगदेवीने तीळगूळ घेतला, तिच्या गालावरून हात फिरवला आणि आत गेली.

यात नवीन काही नाही. जगदेवीला सदतीस संक्रांतींत कुणी हळदीकुंकवाला बोलावलेलं नाही. आमच्या घरी माझी बायको हळदीकुंकू करायची तेव्हा जगदेवी आत चहा करायची. छत्तीस कप, चाळीस कप. तिचा चहा सगळ्या बाया नावाजायच्या.

१७ जानेवारी, शुक्रवार. नांदेड

साक्षीत काय विचारतात ते माहीत असावं म्हणून धम्मानंदच्या लेकीला, ज्योत्स्नाला, भेटायला नांदेडला आलो. ती इथल्या कोर्टात वकिली करते. धम्मानंद जाऊन चार वर्षं झाली, पण ती मला काकाच म्हणते. जगदेवी म्हणाली, "मीबी येते. गोदावरी बघायची हाय."

एसटीत तिला अर्धं तिकीट, बायांचं. तिकीट पदराच्या गाठीत बांधत म्हणाली, "बघ अण्णा, सरकारनं बाई म्हणून निम्मं तरी दिलं. तुझ्या कागदानं तेवढंबी दिलं न्हाई."

कंडक्टर हसला. मीही हसलो. अहमदपूर गेल्यावर लक्षात आलं की ती हसत नव्हती.

नांदेडला उतरल्यावर म्हणाली, "तू वकिलाकडं जा. मी नदी बघून, गुरुद्वाऱ्यात टेकून येते." आणि ऑटोत बसली. ऑटोवाल्याला तिने पत्ता कागदावरून वाचून सांगितला. नदीला पत्ता कशाला लागतो, असं माझ्या मनात आलं, पण ज्योत्स्नाची वेळ झाली होती.

ज्योत्स्नाने मसुदा वाचला, दोनदा. मग चष्मा काढला.

"काका, कागद फार सुंदर आहे. पण हा घटस्फोट नाही."

मी म्हणालो, "बाई, पाच पंचांच्या सह्या आहेत."

"पन्नास असू द्या. स्टॅम्पवर लिहिलं, नोटरी केली म्हणून लग्न मोडत नाही. लग्न मोडतं कोर्टाच्या हुकमानं. काही समाजांत काडीमोडाची जुनी रूढी असते, ती कायदा मानतो. पण ती रूढी सिद्ध करावी लागते, पिढ्यांची उदाहरणं देऊन. तुमच्या घराण्यात याआधी कुणाची फारकत झाली होती?"

मी आठवून पाहिलं. आमच्या घरात नाही. भावकीतही नाही. "पंच बसले होते," मी पुन्हा म्हणालो.

"पंच बसले म्हणजे रूढी होत नाही काका. आणि त्यांच्या वकिलाला हे ठाऊक आहे, म्हणून तर तुमच्या तोंडून रूढी वदवून घ्यायची आहे त्याला."

तिने मला सगळं पोराला शिकवावं तसं शिकवलं. मी वहीत उतरवून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे जगदेवी कायद्यानं...?"

"आत्या शिवप्पांची बायको होत्या, ते वारेपर्यंत. आता विधवा आहेत. पेन्शन त्यांची. घर शिवप्पांच्या नावावर, मृत्युपत्र नाही, तर त्यात एक हिस्सा आत्यांचा, एक मुलाचा. दुसरं लग्न कायद्यानं झालंच नाही, पण मुलाचा हक्क त्यानं बुडत नाही."

"आणि ती बाई? पंचफुला?"

ज्योत्स्नाने मसुदा माझ्यापुढे सरकवला. "त्यांना कागदावर काही नाही. ढोबळमानाने असं. शेवटी कोर्ट काय म्हणेल ते कोर्ट. पण काका, तुम्ही उभं राहून राजीखुशी म्हणालात तर आत्यांचं जाईल. नाही म्हणालात तर त्या बाईचं."

तिच्या ऑफिसातलं पाणी प्यालो. मसुदा घडी करून पिशवीत ठेवला.

जगदेवी तीन तासांनी स्टँडवर आली. चपला धुळीने माखलेल्या. एवढा वेळ नदी बघत होतीस का, विचारलं. म्हणाली, "हाव." चहा घेऊ म्हटलं तर, "झालाय माझा. पोहे बी झाले."

गुरुद्वाऱ्यात लंगर असतं हे ऐकून होतो. पोहे देतात हे माहीत नव्हतं.

१९ जानेवारी, रविवार

वहीतली टिपणं पुन्हा वाचली. काही केल्या डोक्यात राहीनात. लहानपणी पाठ होत नसलेली गोष्ट तालात बसवली की व्हायची, म्हणून तसं करून पाहिलं.

एक राजीचा. दोघं मिळून अर्ज करतात, कोर्ट काही महिने थांबवून विचारतं, अजून तोच विचार आहे का. एक नाराजीचा. एकजण मागतो, दुसरा नको म्हणतो, मग छळ, टाकून जाणं, असं काहीतरी शाबीत करावं लागतं. एक नुसता दुराव्याचा, राहायचं वेगळं पण लग्न तसंच, तो खरं तर घटस्फोटच नव्हे. आणि एक रूढीचा.

राजीचा, नाराजीचा, दुराव्याचा, रूढीचा. ताल बसला. पण जगदेवीचा यातला कुठला, ते बसेना. राजीखुशी लिहिलं म्हणून राजीचा म्हणावा, तर कोर्टाने तिला कधी विचारलंच नाही. कोर्टाने जाऊ द्या. अप्पांनी विचारलं होतं का? पंचांनी? मला तरी आठवत नाही.

मालमत्तेचं तर त्याहून विचित्र. मला वाटायचं, संसार मोडला की निम्मं-निम्मं. ज्योत्स्ना म्हणते, आपल्याकडे तसं नाही. ज्याच्या नावावर त्याचं. बाईला पोटगी मागता येते. आणि माहेरचं, लग्नातलं जे काही असेल ते स्त्रीधन, ते बाईचंच, त्यावर नवऱ्याचा हक्क कधीच नसतो. म्हणजे तिचं म्हणून जे होतं, ते होतं भांडी आणि डागिने. आणि ते मी "भरून पावले" म्हणून लिहून टाकलं.

२३ जानेवारी, गुरुवार

आज एक मोजदाद केली, करायला नको होती. मी लिहिलेल्या फारकती. चेहरे आठवत गेलो. एकतीस वर्षांत चाळीस तरी असतील. एक बाई आठवली, तिचं तान्हं लेकरू सारखं माझ्या दौतीकडे हात करायचं. दुसरी एक, अंगठा लावून झाल्यावर म्हणाली, "मास्तर, आता मी कुठं जाऊ, हे बी लिवलंय का ह्याच्यात?" मला ती मास्तर म्हणाली म्हणून बरं वाटलं होतं. उत्तर काय दिलं ते आठवत नाही.

सगळ्या कागदांत "राजीखुशीने" आहे. तो शब्द मी न विचारताच लिहायचो. सुरुवातच तशी असते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला समोरच्या शाळेत गेलो. पोरांनी कविता म्हटली. माझ्या वेळची नव्हती, पण ताल तोच. घरी आलो तर जगदेवी म्हणाली, "अण्णा, माझ्या लग्नातल्या घागरीवर काय कोरलं होतं, आठवतं?"

आठवतं की. अप्पांनी उदगीरहून पितळी घागर आणली होती. दुकानातल्या माणसाने खिळ्याने टिंब टिंब ठोकून नाव कोरलं. मीच कागदावर लिहून दिलं होतं, 'चि. सौ. कां. जगदेवी हीस आंदण १९७७'. ठोकताना केवढा आवाज! जगदेवी कानांवर हात ठेवून हसत होती.

"कुठंशी कोरलं होतं?"

"गळ्याखाली."

"हां," ती म्हणाली. "गळ्याखालीच हाय."

'होतं' म्हणायच्या ऐवजी 'हाय' म्हणाली. तिच्या बोलण्यात काळ असेच मागेपुढे होतात, वय झालं.

मग मला बोलायचं नव्हतं ते मी बोललो. "जगू, ती भांडी तुला मिळाली नव्हती ना?"

"तुला म्हाईत न्हाई?"

माहीत होतं. पंच म्हणाले होते, "लिहून टाक, भांडी मागून आणू." शिवप्पा मान हलवत होता. मी लिहून टाकलं. मागून कुणी आणली नाहीत. पुढच्याच वर्षी अप्पा गेले.

३० जानेवारी, गुरुवार

आज भांडण झालं. भांडण म्हणजे ती बोलली आणि मी ऐकलं.

मी म्हणालो, "जगू, कोर्टात काय सांगू ते तूच सांग. तुला पेन्शन हवी का नको?"

ती जात्यावर डाळ भरडत होती, तीन पायली भरडलेली डाळ घरात असून. हात थांबवून म्हणाली, "मला इचारून राहिलास?"

"मग कुणाला विचारू?"

"न्हाई, ऐकायला बरं वाटलं. सदतीस वरसात पहिल्यांदा इचारलंस म्हणून."

तिने जात्याभोवती सांडलेली डाळ हाताने गोळा केली.

"त्या दिवशी ओसरीवर तू कागद वाचलास. आवाज लई गोड लावला होतास. मी दारात उभी. मला वाटलं, आता अण्णा मान वर करील. राजीखुशीनं म्हणताना तरी एकदा माझ्याकडं बघील. तू बघितलं न्हाईस. तू पंचाकडं बघितलंस, वा म्हणतात का ते."

"अप्पांचा शब्द..."

"अप्पा अडाणी होते. पंच लबाड होते. तू शिकलेला होतास."

जातं पुन्हा फिरायला लागलं. मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "पैसा नको असं मी म्हणत न्हाई. गुडघं दुखतंय, तुझ्यामागं मला कोण हाय? हवाय पैसा. पर त्या बाईनं बी छत्तीस वरसं त्याचं केलंय. तीन वरसं हातरुणातलं काढलं. तिला रस्त्यावर काढून मी जेवणार न्हाई. माझं मला मिळू दे, मग त्यातलं तिला काय द्यायचं ते मी बघते. आधी माझं माझ्या नावावर येऊ दे. मी मेलेली न्हाई आन् राजी बी नव्हते, एवढं एकदा कुणीतरी मोठ्यानं वाचावं."

"तिने तीन वर्षं अंथरुणातलं काढलं, हे तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"नदीनं," ती म्हणाली, आणि भरडलेली डाळ सुपात ओतली.

मला काही उमजलं नाही. पण तिच्या तोंडचं ते वाक्य मी आज तीनदा लिहून काढलं. मी मेलेली नाही आणि राजीही नव्हते. मसुद्यात असतं तर केवढं छोटं वाक्य झालं असतं.

२ फेब्रुवारी, रविवार

उमाशंकरचा फोन. वकिलाने प्रश्न-उत्तरं लिहून दिलीत, ती त्याने वाचून दाखवली. "प्रश्न, स्त्रीधन परत मिळालं का? उत्तर, होय, माझ्यासमक्ष. मामा, एवढं पाठ करा."

मी म्हणालो, "बाबा, हे पाठ होत नाही मला."

"का हो?"

"ताल लागत नाही."

तो हसला, म्हातारा चेष्टा करतोय असं वाटलं असेल. मग त्याचा आवाज बदलला. "मामा, माझी आई शिकलेली न्हाई. तिला दुसरं कुणी न्हाई. तुम्ही फिरलात तर ती कुठं जाईल?"

चाळीस वर्षांपूर्वी अंगठा लावणाऱ्या त्या बाईनेही हेच विचारलं होतं. फोन ठेवला.

दोन बायका, आणि दोघींच्या मध्ये माझं अक्षर. मी कागद खरा म्हणालो तर बहीण बुडते, खोटा म्हणालो तर परकी. जगदेवी म्हणते ती वाट मला दिसते, पण त्या वाटेला पंचफुलाबाईंचा विश्वास लागेल. कोण कशाला ठेवील? मी त्यांच्या जागी असतो तर ठेवला नसता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काही लिहिण्यासारखं नाही. कोर्टात घालायचा सदरा जगदेवीने धुऊन इस्त्रीला दिला. काय बोलणार आहेस ते तिने विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या तारीख. सकाळी दहाच्या सुमाराला मी अंगणात बसून उद्याचं मनाशी म्हणून बघत होतो. दोन्ही तऱ्हांनी. "राजीखुशीने झाली" म्हणताना जीभ आपोआप चालायची, इतक्या वर्षांची सवय. दुसरं म्हणताना पहिल्याच शब्दाला अडखळायची.

फाटकाची कडी वाजली. साठीची एक बाई. उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं. डोक्यावर सुतळीने तोंड बांधलेलं पोतं. ऑटोवाला मागून ओरडत होता, "मावशी, सुट्टे राहिले तुमचे!" तिने मागे पाहिलं नाही. सरळ दारापर्यंत आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"रेवणप्पा मास्तर तुम्हीच का?"

मी उठलो. "मास्तर नाही. दस्तलेखक. आपण?"

"मी पंचफुला. नांदेडहून आलेय."

मी मागे स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

तिने पोतं उतरवलं, सुतळी दाताने सोडली आणि आतलं बाहेर काढलं. पितळी घागर. चिंच लावून घासलेली, सकाळच्या उन्हात बघवेना इतकी लख्ख. एका अंगाला पोचा आला होता.

"छत्तीस वरसं पाणी भरलं हिच्यात," ती म्हणाली. "गळ्याखाली टिंबं हायत, मला वाचता येत न्हाई. एकदा इचारलं तर ते म्हणाले, दुकानाचं नाव हाय. मागल्या महिन्यात जगदेवीअक्का घरी आल्या, चहा पिता पिता घागर बघितली आन् बोट ठेवून वाचून दाखवलं. मी रातीला पोराला म्हणलं, तो कागद काढ, सगळा वाच. त्यात लिवलंय, भांडी मिळाली. भांडी तर माझ्या घरात." तिने पदराने तोंड पुसलं. "तुम्ही लिवलंय न्हवं ते? मग मला सांगा मास्तर, एक खोटं हाय तर बाकीचं खरं कशावरनं?"

"तुमच्या मुलाला ठाऊक आहे, तुम्ही इथं आलात ते?"

"त्याला वाटतं मी देवाला गेले." ती घागरीकडे बघत होती. "उद्या माझं काय हुईल ते मला कळलंय. त्यानं समजावलंय. पर दुसरीच्या नावाचं पाणी माहीत असून कसं प्यावं?"

मी खाली बसलो, घागर मांडीवर घेतली आणि गळ्याखाली बोट फिरवलं. टिंबं झिजली होती, पण होती. कुणी न सांगता मी मोठ्याने वाचायला लागलो, शाळेत वाचायचो तसं. चि. सौ. कां. पुढचं अक्षर डोळ्यांना दिसेना. तेवढ्यात माझ्या मागून, माझ्या आधी, आवाज आला.

"जगदेवी हीस आंदण."

जगदेवी आतल्या दारात उभी होती, हाताला पीठ. या वेळी मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या बाईकडे बघत होती.

"दारात का उभी राहिलीस गं?" ती म्हणाली. "आत ये."